दोन विमानं खरंच एवढी जवळ असतात, की कॅमेरा फसवतो?

पिंगळा (धागाकर्ता)

कायप्पावर (व्हॉट्सअ‍ॅपवर) अधूनमधून एक फोटो येतो. आकाशात दोन विमानं, एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीला टेकल्यासारखं, आणि खाली 'केसाच्या अंतराने टळला अपघात!' असा मथळा. दुसरा नमुना सॅन फ्रान्सिस्कोचा. दोन विमानं शेजारीशेजारी उतरताहेत आणि पंखाला पंख लागतोय असं वाटतं. तिसरा प्रकार प्रवाशाने खिडकीतून घेतलेला व्हिडिओ. त्यात समोरून येणारं विमान सुर्रकन खालून निघून जातं.

यातलं खरं किती आणि कॅमेऱ्याची करामत किती? फोटो पाहून दोन विमानांमधलं अंतर काढता येतं का? येत असेल तर कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'सगळं फोटोशॉप' असं एका ओळीत उडवून लावू नका ही विनंती. यातले बरेच फोटो अस्सल असतात.

सुलूताई

वाचतेय. खिडकीवाल्या व्हिडिओचं उत्तर आधी पाहिजे.

भूमिती_मास्तर

सॅन फ्रान्सिस्कोपासून सुरू करतो, कारण तिथले आकडे पक्के आहेत. तिथल्या २८ लेफ्ट आणि २८ राइट या समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत ७५० फूट, म्हणजे सुमारे २२९ मीटर अंतर आहे. एकीवर एअरबसचं ए-३२० (पंखांचा पसारा ३६ मीटर) आणि दुसरीवर बोइंगचं ७७७-३००ईआर (६५ मीटर) असं धरा. दोघांचा अर्धा-अर्धा पसारा वजा केला की पंखाच्या टोकापासून पंखाच्या टोकापर्यंत १७८-१७९ मीटर उरतात. दीडशे मीटरच्या वर मोकळी हवा.

आता कॅमेरा बाजूला, किनाऱ्यावर ३ किलोमीटर अंतरावर ठेवा. अलीकडचं विमान ३००० मीटरवर आणि पलीकडचं ३२२९ मीटरवर. एकाच जातीची विमानं असली तरी पलीकडचं फक्त ७ टक्के लहान दिसेल. एवढा फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही. अलीकडे लहान आणि पलीकडे मोठं विमान असेल तर डोळा सरळ उलटी साक्ष देतो.

तीच दोन विमानं ३०० मीटरवरून टिपली तर अंतरं ३०० आणि ५२९. पलीकडचं ४३ टक्के लहान. मग कोणी 'टक्कर' म्हणणार नाही. विमानं हललेली नाहीत, फक्त फोटोवाला मागे सरकला.

फोटोखोर

मास्तर, साध्या भाषेत सांगा ना. टेलीलेन्स मागचं दृश्य पुढे ओढते, म्हणून असं होतं. ६०० मिमीला हे दिसतं, २४ मिमीला दिसत नाही. विषय संपला.

भूमिती_मास्तर

@फोटोखोर, लेन्स काहीही ओढत नाही. ट्रायपॉड एका जागी ठेवा. लांबवर जाणाऱ्या विजेच्या खांबांच्या रांगेचा एक फोटो २४ मिमीला घ्या, दुसरा २०० मिमीला. मग पहिल्या फोटोतला मधला आठवा हिस्सा कापून मोठा करा. खांब दोन्हीकडे तितकेच खेटलेले दिसतील. पहिला फोटो फाटलेला असेल, इतकंच. अंतरांचं गुणोत्तर ठरतं उभं राहण्याच्या जागेवरून. लांब लेन्स वापरणारा माणूस लांब उभा असतो, म्हणून दोष लेन्सच्या नावावर चढतो.

हा भेद का महत्त्वाचा? 'मोबाइलवर काढलाय, टेलीलेन्स नव्हतीच, म्हणजे विमानं खरंच जवळ होती' असा युक्तिवाद लगेच येतो. मोबाइलवर दहापट झूम करून कापलेल्या फोटोत नेमका तोच परिणाम असतो.

फोटोखोर

परिणाम तोच, तर वापरणाऱ्याला काय फरक पडतो? असो. कापून बघतो.

काचवाला

मास्तरांना +१. एक भर घालतो. एरवी मागची वस्तू धूसर झाली की मेंदूला खोली कळते. विमानांच्या बाबतीत ती खूणच नसते. ६०० मिमी, एफ ८, फुल फ्रेम, आणि धूसरपणाची नेहमीची ०.०३ मिमीची मर्यादा घेतली तर हायपरफोकल अंतर येतं दीड किलोमीटर. म्हणजे तिथे फोकस ठेवला की ७५० मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतपत स्पष्ट. विमान ४ किलोमीटरवर असो की ७, कडा सारख्याच धारदार.

शिवाय आकाशात मधे झाड नाही, इमारत नाही, जमीन नाही. खोली कळायच्या सगळ्या खुणा काढून घेतल्या की उरतो फक्त आकार. आणि आकारावरून अंतर सांगायचं तर विमान कोणतं ते माहीत हवं. ए-३८० ची लांबी ७२.७ मीटर, ए-३२० ची ३७.६. दहा किलोमीटरवरचं ए-३८० आणि सव्वापाच किलोमीटरच्या अलीकडचं ए-३२० फोटोत अगदी सारख्या लांबीचे येतात.

एकच खूण थोडीफार टिकते, धुरकं. लांबचं विमान फिकट आणि निळसर-राखाडी पडतं. मुंबईच्या हिवाळ्यात तर हा फरक चांगलाच दिसतो. पण फॉरवर्ड करणाऱ्याने 'ऑटो एन्हान्स' दाबलं की तोही गेला.

अवांतरप्रेमी

थोडक्यात, लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं राहून बारीक दिसायचं ही युक्ती फोटोग्राफर लांब उभा असेल तर चालत नाही. नोंद घेतली आहे. :ड

रडारमामा

सुलूताई, खिडकीचं सांगतो. आधी नियम समजून घ्या. दोन विमानांत *एकतर* उंचीचं अंतर हवं *किंवा* आडवं. दोन्ही एकाच वेळी लागत नाहीत. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात उंचीचं किमान अंतर १००० फूट आहे. भारतात हे नोव्हेंबर २००३ पासून लागू झालं, त्याआधी तिथे २००० फूट होतं. आडवं अंतर रडारखाली मार्गावर साधारण ५ सागरी मैल आणि विमानतळाच्या परिसरात ३. उंचीचे १००० फूट असले की एक विमान दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावरून जाऊ शकतं. त्यात नियमाचा भंग नाही.

आता हिशोब. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. तेवढ्या अंतरावरचं ३७ मीटरचं विमान ७ अंशांचा कोन व्यापतं. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश असते. म्हणजे खालून जाणारं विमान मुठीपेक्षा थोडंच लहान दिसतं. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यात ते चौकटीचा दहावा भाग भरतं. पाचपट झूम केलं की अर्धी चौकट. समोरासमोरचा वेग दोघांचा मिळून ९६० नॉट (ताशी सागरी मैल) धरला तर सेकंदाला जवळपास अर्धा किलोमीटर. दहा किलोमीटरवर ठिपका दिसल्यापासून वीस सेकंदांत पार. त्यामुळे छाती धडधडते, पण अंतर नियमातलंच असतं.

पूर्वी जमिनीवरच्या केंद्रांच्या आधारे उडायचे तेव्हा विमानं मार्गाच्या मध्यरेषेपासून थोडी इकडेतिकडे असायची. जीपीएसमुळे दोघंही रेषेवर चोख येतात, म्हणून अगदी खालून गेल्याचे व्हिडिओ निघतात. महासागरावर तर वैमानिकांना मध्यरेषेच्या उजवीकडे २ सागरी मैलांपर्यंत सरकून उडायची मुभा आहे, ती याच कारणासाठी.

सुलूताई

धन्यवाद मामा. पण इतक्या जवळून गेल्यावर ते टक्करविरोधी यंत्र बोंब मारत नाही का?

रडारमामा

ते यंत्र म्हणजे टीकॅस. ते मीटर मोजत बसत नाही, ते मुख्यतः 'भेट व्हायला किती सेकंद उरले' हे बघतं. दोघं आपापल्या उंचीवर सरळ उडत असतील आणि मधे १००० फूट असतील तर 'चढा-उतरा' असा आदेश देत नाही. गडबड होते ती एक विमान भराभर चढत १००० फूट खाली येऊन थांबणार असतं तेव्हा. ते थांबणार आहे हे यंत्राला ठाऊक नसतं, त्याला फक्त चढण्याचा वेग दिसतो आणि ते ओरडतं. म्हणून शेवटच्या हजार फुटांत चढउताराचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या आत आणायचा असा दंडक आहे.

आणि जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली हे आदेश मुद्दाम बंद ठेवलेले असतात. धावपट्टीजवळच्या फोटोंबाबत 'टीकॅस वाजलं नाही म्हणजे सगळं ठीक' असं म्हणता येत नाही.

शंकासुर

वा! म्हणजे आता सगळंच 'कॅमेऱ्याचा दोष' म्हणून मोकळं व्हायचं. ८ जून २०२४ ला मुंबईत २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर काय झालं होतं? इंदूरहून आलेलं विमान टेकलं तेव्हा तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान त्याच धावपट्टीवरून उचलत होतं. तो व्हिडिओही टेलीलेन्सचा चमत्कार होता का? डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) चौकशी लावली आणि नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं, ते उगाच?

भूमिती_मास्तर

@शंकासुर, मुद्दा रास्त आहे. त्या प्रकरणात कॅमेऱ्याने काय केलं आणि काय केलं नाही, हे वेगळं काढता येतं.

कॅमेरा फुगवतो ते *किती* अंतर होतं हे. उदाहरणादाखल (हे आकडे त्या घटनेचे नाहीत) धरा, उतरणारं विमान उंबरठ्यापासून (धावपट्टीच्या सुरुवातीच्या टोकापासून) ४०० मीटरवर टेकलं आणि पुढचं २२०० मीटरवर उचललं. मधे १८०० मीटर. उंबरठ्याच्या मागे ३०० मीटरवर उभं राहून बघितलं तर अंतरं ७०० आणि २५००, म्हणजे पुढचं विमान साडेतीन पट लहान. तोच माणूस २ किलोमीटर मागे गच्चीवर गेला तर २४०० आणि ४२००. आता ते पावणेदोन पटच लहान. त्याने झूम करून चौकट भरली की प्रेक्षकाला वाटतं, एकाच्या धुराड्यात दुसऱ्याचं नाक गेलं. अंतर मात्र तेच १८०० मीटर.

पण दोन्ही विमानं एकाच वेळी एकाच धावपट्टीवर *होती*, हे कुठूनही उभं राहिलं तरी बदलत नाही. मूळ नियम असा, की उडणारं विमान धावपट्टीच्या पलीकडच्या टोकापार जाईपर्यंत किंवा वळायला लागेपर्यंत मागच्याने उतरताना उंबरठा ओलांडायचा नाही. काही ठिकाणी ठरावीक अटींवर यात सूट असते. अमेरिकेत दिवसाउजेडी मोठ्या विमानांना पुढचं विमान उचललेलं आणि उंबरठ्यापासून किमान ६००० फूट पुढे गेलेलं चालतं. तेव्हा मीटरचा अंदाज व्हिडिओवरून करू नका, पण क्रम आणि वेळ त्याच व्हिडिओवरून बघता येतात. चाकं कधी टेकली, पुढच्याचं नाक कधी उचललं, हे फ्रेम मोजून कळतं. दृष्टिकोनाचा परिणाम घड्याळावर होत नाही.

शंकासुर

हे पटलं. काडी वाया गेली.

रडारमामा

मास्तरांच्या प्रतिसादाला जोडून. रात्री अंतिम मार्गावर दिव्यांची माळ दिसते, तिचेही 'एका मागोमाग तीन विमानं चिकटून' असे फोटो फिरतात. उतरणारी विमानं ३ अंशांच्या उतारावरून येतात. तुम्ही धावपट्टीच्या टोकाजवळ त्या रेषेत उभे असाल तर ५ किलोमीटरवरचं आणि १४ किलोमीटरवरचं, दोन्ही क्षितिजापासून तेवढ्याच ३ अंशांवर दिसतात. म्हणजे आकाशात एकाच जागी! लँडिंग लाइट इतका प्रखर की पसरून दुसऱ्याला मिळतो. प्रत्यक्षात १४० नॉटने येणाऱ्या विमानांत ३ सागरी मैल म्हणजे ७७ सेकंद. पुढे ७७७ सारखं जड विमान असेल तर मागच्या ए-३२० ला त्याच्या पंखांमागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांपासून दूर ठेवायला ५ मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर.

अवांतरप्रेमी

अवांतर: हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरतपथकाची हॉक विमानं समोरासमोर येऊन 'कट' मारतात, तेही असंच का?

काचवाला

अवांतर नाही, अगदी धाग्याचाच विषय आहे. नऊ विमानांची रचना खरोखर काही मीटरांवर उडते, तिथे फसवणूक नाही. पण समोरासमोरच्या छेदात दोघं प्रेक्षकांच्या रेषेला समांतर, वेगवेगळ्या पट्ट्यांतून येतात. मधलं अंतर प्रेक्षकाच्या नजरेच्या दिशेत पडतं, म्हणून गायब होतं. कवायत बसवतानाच ती प्रेक्षकांच्या मधोमध छेदेल अशी बसवतात. टोकाला बसलेल्यांना तो क्षण थोडा चुकलेला दिसतो आणि तिथून घेतलेल्या फोटोत दोघांमधली फट स्पष्ट दिसते. नाट्य हवं तर मध्यभागी बसा, अंतर बघायचं तर कडेला.

घारापुरीकर

नवी मुंबईला दुसरी समांतर धावपट्टी झाली की इथेही सॅन फ्रान्सिस्कोसारखे फोटो सुरू होणार तर.

रडारमामा

@घारापुरीकर, फोटो होतील, पण प्रकार वेगळा. तिथे आराखड्यात दोन धावपट्ट्यांत १५५० मीटर ठेवले आहेत. एकमेकांची पर्वा न करता समांतर उतरायला आंतरराष्ट्रीय किमान मर्यादा १०३५ मीटर आहे, तेव्हा नवी मुंबई त्यात आरामात बसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या २२९ मीटरवर तसं करता येत नाही. तिथे वर्षानुवर्षं शेजारीशेजारी उतरवलं ते हवा स्वच्छ असताना आणि वैमानिकाने 'शेजारचं विमान मला दिसतंय' असं सांगून अंतराची जबाबदारी स्वतःकडे घेतल्यावरच. ढग खाली आले की त्या विमानतळाची क्षमता घसरायची ती म्हणूनच. मुंबईच्या सध्याच्या विमानतळावर तर ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, समांतर उतरण्याचा प्रश्नच नाही. 'सांताक्रूझला दोन विमानं शेजारीशेजारी उतरताना' असा फोटो आला तर तो बहुधा दुसऱ्याच शहराचा असणार.

विदाप्रेमी

पिंगळा यांच्या 'कसं काढायचं' या प्रश्नाकडे कोणीच गेलेलं नाही. सोपा मार्ग फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा प्लेबॅक, म्हणजे जुन्या उड्डाणांची नोंद.

फोटोच्या एक्सिफमधली (फाइलमध्ये साठवलेल्या तपशिलांतली) वेळ घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ हमखास पुढे-मागे असतं. फोटो स्वतःचा असेल तर मोबाइलवरच्या घड्याळाचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून फरक धरून ठेवा. मग प्लेबॅकमध्ये त्या मिनिटाला दोन्ही विमानांची उंची आणि जागा बघा.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला उंचीचा. तिथे दिसते ती १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब धरून काढलेली उंची. पावसाळ्यात दाब १००३ असेल तर खऱ्यापेक्षा २७०-२८० फूट जास्त दिसेल. पण दोन्ही विमानांना चूक सारखीच, त्यामुळे *फरक* बरोबर येतो. दुसरा घोळ जागेचा. प्लेबॅकमधलं विमान दोन नोंदींच्या मधे अंदाजाने सरकवलेलं असतं. १४० नॉट म्हणजे सेकंदाला ७२ मीटर, दहा सेकंदांची गफलत झाली की ७०० मीटर गेले. म्हणून नकाशावर चिन्हं एकमेकांवर चढलेली दिसली तर घाबरू नका. चिन्हाचा आकार विमानाच्या मापाचा नसतो.

काचवाला

कायप्पावरच्या फोटोत एक्सिफ उरलेलं नसतं, तेव्हा विदाप्रेमींचा मार्ग बंद. तरी पिक्सेल मोजता येतात.

मूळ फोटो हाती असेल तर: अंतर = खरं माप × फोकल लेंथ ÷ सेन्सरवरचं माप. ३६ मिमी रुंद सेन्सरवर ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.००६ मिमी. ६०० मिमीला ३७.६ मीटरचं ए-३२० जर ९४० पिक्सेल भरत असेल तर सेन्सरवर ५.६४ मिमी, म्हणजे अंतर ४ किलोमीटर. फोकल लेंथ खरी घ्या, '३५ मिमी समतुल्य' लिहिलेली नको, नाहीतर छोट्या सेन्सरवर उत्तर दीड-दोन पट चुकतं. व्हिडिओत स्थिरीकरणासाठी कडा कापलेल्या असतात, तिथे हे सूत्र नीट चालत नाही.

फोटो कापलेला, लहान केलेला असेल तर निव्वळ अंतर विसरा, गुणोत्तर काढा: प्रत्येक विमानाचं खरं माप ÷ त्याचे पिक्सेल, मग पलीकडच्याला अलीकडच्याने भागा. दोन्ही विमानं एकाच चौकटीत असल्याने फोकल लेंथ आणि पिक्सेलचा आकार उडून जातात.

लांबी मात्र मोजू नका. विमान तिरकं असेल तर ती आखूड दिसते आणि दोघं वेगवेगळ्या कोनांत असले की सगळा हिशोब कोसळतो. धडाची जाडी मोजा, ती तिरकेपणाने बदलत नाही. बाजूने बघताना ए-३२० चं धड ४.१४ मीटर उंच, बोइंग ७३७ चं ४.०१, ७७७ चं गोल ६.२०. अगदी खालून बघत असाल तर रुंदी घ्या, ए-३२० ची ३.९५ आणि ७३७ ची ३.७६. पंखांची मुळं आणि पोटाचा फुगवटा टाळून खिडक्यांच्या रांगेच्या पुढच्या भागात मोजा. तापलेल्या धावपट्टीवरून काढलेल्या फोटोत कडा थरथरतात, तिथे दोन-तीन पिक्सेलची चूक धरूनच चाला.

भूमिती_मास्तर

दोघे जण मिळून काम करणार असतील तर याहून भक्कम पुरावा आहे. १०० मीटर अंतरावर दोन कॅमेरे. ४ आणि ७ किलोमीटरवरची विमानं दोन फोटोंत एकमेकांच्या तुलनेत ०.६ अंश सरकलेली दिसतात. काचवाल्यांच्या कॅमेऱ्यावर हे हजाराच्या वर पिक्सेल होतात. विमानं खरंच शेजारी असतील तर जवळजवळ सरकतच नाहीत. अडचण वेळेची. दोन फोटोंत एक सेकंदाचा फरक पडला तरी विमान ७० मीटर गेलं. त्यापेक्षा व्हिडिओ घ्या आणि पंखावरचा लुकलुकणारा पांढरा दिवा (स्ट्रोब) चमकतो ती फ्रेम दोन्हीकडे जुळवा.

पिंगळा

सगळ्यांचे आभार! कायप्पावरच्या त्या फोटोत मोजलं. अलीकडचं ए-३२० बाजूने दिसतंय, धड ६२ पिक्सेल. पलीकडचं दोन इंजिनांचं, धड ६० पिक्सेल. मथळ्यात 'बोइंग' एवढंच लिहिलंय.

काचवाला

पलीकडचं ७७७ असेल तर: ६.२० ÷ ६० = ०.१०३३. अलीकडचं ४.१४ ÷ ६२ = ०.०६६८. गुणोत्तर १.५५. अलीकडचं ५ किलोमीटरवर असेल तर पलीकडचं पावणेआठच्या आसपास, मधे पावणेतीन किलोमीटर. मोजण्यात दोन्हीकडे दोन-दोन पिक्सेलची चूक धरली तरी गुणोत्तर १.४५ ते १.६५ मध्येच राहतं. मथळा खोटा.

शंकासुर

आणि ते ७३७ असेल तर?

काचवाला

तर ४.०१ ÷ ६० = ०.०६६८. गुणोत्तर बरोबर १. दोघं तुमच्यापासून सारख्याच अंतरावर!

रडारमामा

म्हणून आधी विमान ओळखा. @पिंगळा, चाकं बाहेर असतील तर मोजा. ७७७ च्या मुख्य पायाला एका बाजूला सहा चाकं असतात, ७३७ ला दोन. चाकं आत असतील तर शेपटीच्या उभ्या पंखाच्या पुढच्या कडेकडे बघा. तिथे खाली त्रिकोणी पायरीसारखा बाक असेल तर ७३७. पंखांची टोकं वर वळलेली नसून मागे तिरपी छाटलेली असतील तर ७७७-३००ईआर किंवा ७८७ सारखं रुंद धडाचं विमान. ६० पिक्सेलच्या धडावर शेपटीचा बाक दिसायला हवा.

पिंगळा

बाक नाही. टोकं मागे छाटलेली आहेत. चाकं आत.

भूमिती_मास्तर

म्हणजे ७३७ नाही, रुंद धडाचं, बहुधा ७७७. आणि अलीकडचं ए-३२० च आहे ना, हेही बघून घ्या. ए-३१९, ३२०, ३२१ यांचं धड एकाच जाडीचं असतं, त्यामुळे तिथे गफलत झाली तरी उत्तर बदलत नाही. लांबी मोजली असती तर बदललं असतं.